झाडावरचे बिऱ्हाड

मराठीत ज्या शिव्या सभ्य घरांतूनही मोकळेपणाने दिल्या जातात, त्यांत 'बांडगूळ' या शिवीचा क्रम बराच वरचा आहे. मावशीकडे राहून तीन-तीन वर्षे परीक्षा देणारा भाचा बांडगूळ, संस्थेत काही न करता खुर्ची अडवून बसलेला चिटणीस बांडगूळ, आणि अग्रलेखांतून तर लेखकाला जो वर्ग नावडता असेल तो सबंध वर्गच्या वर्ग बांडगूळ. मी कॉलेजात मराठी शिकवते. शब्द कुठून आला, कुठे गेला आणि वाटेत त्याचे काय हरवले याच्या चौकश्या करणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. या शिवीतली वनस्पती निरखून पाहण्याचा योग मात्र मला पस्तिशी उलटल्यावर आला, आणि तोही दुसऱ्याच एका वनस्पतीच्या मागे लागल्यामुळे. ती दुसरी म्हणजे आमरी.

आमरी म्हणजे ऑर्किड. ऑर्किड म्हटले की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे लग्नाच्या स्टेजवरची ती मेणासारखी जांभळी फुले येतात. ती पैशांची फुले. ती आठ दिवस कोमेजत नाहीत, आणि सुकली तरी कुणाला वाईट वाटत नाही. आपल्या सह्याद्रीच्या पठारांवर, कड्यांच्या सांदीत आणि आंब्याफणसांच्या फांद्यांवर कुणाच्याही निगराणीविना वाढणाऱ्या आमऱ्या निराळ्या. भारतात आमरीच्या बाराशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या काही जमिनीत कंद रोवून राहतात, काही झाडावर बिऱ्हाड करतात. या बिऱ्हाडकरू जातींना आपल्याकडे गावोगाव सरसकट बांडगूळ म्हणून मोकळे होतात.

हा घोटाळा आजचा नव्हे. अमरकोशात वनस्पतींच्या वर्गात 'वंदा' नावाची एक वनस्पती दिलेली आहे. तिच्यासाठी दिलेले पर्यायी शब्द वाचताना मला नेहमी हसू येते. एक शब्द आहे 'वृक्षादनी', म्हणजे झाडाला खाणारी. आणि त्याच्या शेजारीच 'वृक्षरुहा', म्हणजे झाडावर उगवणारी. अमरसिंहाला दोष देण्यात अर्थ नाही. कोशकाराने लोकांत चालणारे शब्द टिपायचे असतात. परंतु खाणारी आणि उगवणारी यांत घरमालकाचे घर बळकावणारा आणि पडवीत निमूटपणे राहणारा यांच्याइतका फरक आहे, आणि तो शेकडो वर्षे एका ओळीत सुखाने नांदतो आहे. पुढची मौज तर याहून मोठी. कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी काढणाऱ्या सर विल्यम जोन्स यांनी हाच 'वंदा' शब्द उचलून एका आमरीला लावला, आणि १८२० साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो शास्त्रात रूढ केला. आज जगभरच्या काचघरांतून ज्या 'व्हँडा' मिरवतात त्यांचे कुळ असे अस्सल संस्कृत आहे. विलायतेची वारी करून येताना बाईंच्या 'व'चा 'व्ह' झाला, इतकेच.

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक सहकारी आहेत. एका जुलैत ते स्टाफरूममध्ये माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, 'आमरी' हा शब्द मूळचा कुठला हो?" मी घरी आणि ग्रंथालयात मिळून चार कोश उलटेपालटे केले; समाधान होईल असे काही हाती लागेना. तसे त्यांना सांगितले, तर ते म्हणाले, "शब्द राहू द्या. निदान वस्तू तरी बघून घ्या." पुढच्या रविवारी आम्ही चौघेजण साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून वर गेलो.

त्या दिवशी मला पहिली आमरी 'दाखवावी' लागली. पावसाने भिजलेल्या गवतात मी उभी होते आणि ती माझ्या चपलेपासून हातभर अंतरावर होती. जमिनीला इस्त्री केल्यासारखी चिकटलेली दोन गोलसर पाने आणि त्यांच्या मधून निघालेला वीतभर दांडा. दांड्याच्या टोकाला एकच पांढरे फूल, एखाद्या पोराने कागद कातरून फेकून द्यावा तसे. ताटवा नाही की रंग नाही. माझा चेहरा पाहून सहकारी म्हणाले, "उभ्याने नाही दिसायची. खाली बसा." चिखलात गुडघे टेकून बसले, आणि मग मात्र माझा रविवार गेला.

आमरीच्या फुलाची घडण एकदा समजली की जन्मभर विसरत नाही. बाहेरची तीन दले, आतली तीन पाकळ्या. इथवर ते चारचौघींसारखे. परंतु आतल्या तिघींपैकी एक पाकळी बाकीच्या दोघींसारखी कधीच नसते. ती रुंद असेल, फाटलेली असेल, झालरीची असेल, ठिपक्यांची असेल. पण ती वेगळी असते. शास्त्रात तिला 'ओठ' असेच म्हणतात. किडा येऊन बसतो तो या ओठावर. दुसरी खूण मध्यभागी. इतर फुलांत पुंकेसर निराळे आणि स्त्रीकेसर निराळा असतो. इथे दोघांचा मिळून एकच खांब झालेला असतो आणि परागही भुकटीसारखा न राहता त्याच्या इवल्या गोळ्या झालेल्या असतात. किडा त्या गोळ्या डोक्याला चिकटवून घेऊन पुढल्या फुलाकडे जातो. तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते. कळीत असताना हा ओठ वरच्या अंगाला असतो. फुलायच्या वेळी बहुतेक आमऱ्यांचे फूल मागच्या बीजकोशाला पीळ देऊन वळते आणि ओठ खाली आणते. त्या पिळाच्या रेषा भिंगातून स्पष्ट दिसतात. एवढी यातायात कशासाठी, तर येणाऱ्या पाहुण्याला बसायला पाट मांडण्यासाठी!

श्रावण-भाद्रपदात याच आमरीची एक बहीण पठाराच्या कडेला फुलते. पांढरी शुभ्र, आणि मागे एक लांबलचक शेपटी. ही शेपटी म्हणजे मधाची नळी. शास्त्रीय नाव हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा. उच्चारताना जीभ अडखळते, पण अर्थ साधा आहे: लांब शिंगाची. मध नळीच्या तळाशी असतो, तेव्हा जिची सोंड तेवढी लांब तीच त्याची धनीण. चार्ल्स डार्विनने मादागास्करच्या एका आमरीची फूटभर लांब नळी पाहून १८६२ साली लिहून ठेवले होते की, एवढ्या लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. लोक हसले. डार्विन वारल्यावर, १९०३ साली, तसा पतंग शास्त्राच्या दप्तरी दाखल झाला. फुलावरून पाहुणा ओळखण्याचा हा प्रकार मला आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखा वाटतो. दारातल्या चपलांवरून घरात कोण आले आहे हे त्या अचूक सांगत.

ओळखण्याची विद्या मात्र चपलांइतकी सोपी नाही. तिची पोथी म्हणजे 'फ्लोरा'. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा फ्लोरा १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला, आणि खास आमऱ्यांवरचे पुस्तक फादर सांतापाव आणि कपाडिया यांचे, १९६६ सालचे. हे सांतापाव जन्माने स्पॅनिश. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी शिकवले, खंडाळ्याच्या आणि पुरंदरच्या वनस्पतींवर स्वतंत्र पुस्तके लिहिली, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे ते संचालक झाले आणि १९६७ साली पद्मश्री. आमच्या पुरंदरावर आम्ही इतिहासाच्या सहली नेल्या, शाळेत निबंध लिहिले. आणि हा परदेशातून आलेला पाद्री तिथे गवताची पाती मोजत होता, याचे मला अजून नवल वाटते.

या पुस्तकांत फूल ओळखण्यासाठी दुहेरी प्रश्नांची साखळी दिलेली असते. ओठ अखंड की तीन भागांचा? तीन भागांचा असेल तर बाजूचे भाग कातरलेले की साधे? नळी बीजकोशाहून लांब की आखूड? प्रत्येक प्रश्नाला 'हे की ते' एवढेच उत्तर. 'असे काहीसे' चालत नाही. व्याकरणात विभक्ती ओळखायला लावली की माझे विद्यार्थी जसे प्रत्ययाकडे न पाहता माझ्या चेहऱ्याकडे पाहतात, तसे आपणही आधी पुस्तकातल्या चित्राकडे पाहतो. चित्र फसवते. प्रत्यय फसवत नाही. हल्ली मोबाइलवर फोटो काढला की नाव सांगणारी सोय झाली आहे. मीही ती वापरते. परंतु लोक फोटो काढतात फुलाच्या तोंडाचा, आणि दोन बहिणींमधला फरक असतो पाठीमागच्या नळीत नाही तर जमिनीलगतच्या पानात. तोंड पाहून कुळ कळते, नाव कळत नाही.

घरी या छंदाचे स्वागत मध्यमवर्गीय घरात होते तसेच झाले. पहिल्या पावसाळ्यात कौतुक, दुसऱ्यात थट्टा, तिसऱ्यात "आज रविवार आहे, जेवायला तरी घरी असणार का?" ह्यांना फुलांत रस नाही, पण नावांत आहे. हॅबेनारिया हेनियाना नावाची एक आमरी कासच्या बाजूला मुबलक दिसते. तिची फुले दांड्याच्या एकाच अंगाला दाटीने लागतात, म्हणून तिला सगळे 'टूथब्रश ऑर्किड' म्हणतात. ह्यांचा निकाल असा की, दोनशे वर्षे संशोधन करून जर शेवटी टूथब्रशच म्हणायचे होते, तर मधल्या पुस्तकांचा खर्च वाचला असता. मुलगी वडिलांच्या बाजूची. मी मात्र तिला 'वाघचौरा' हे नाव सांगितले तेव्हा ती भिंग घेऊन निघाली. वाघचौरा ही मोठ्या पांढऱ्या फुलांची, झालरदार ओठाची आमरी. वाघाचा तिच्याशी काय संबंध, हे मी मुलीला सांगितले नाही. कारण शोधत ती माझ्यापुढे दोन टेकड्या चढली.

सर्वांत चिवट कोडे घालते ती नर्व्हिलिया. पहिला पाऊस पडून माती नुसती ओली होते न होते तोच जमिनीतून एक नाजूक दांडा वर येतो. त्याला फूल असते, पान नसते. फूल आठ-दहा दिवसांत ओसरते, आणि मग त्याच कंदातून एकच पान वर येते. पान असते तेव्हा फूल नसते. म्हणजे फुलाला पानाची आणि पानाला फुलाची भेट कधी नाही. ऑगस्टमध्ये भेटलेले पान कुणाचे हे पक्के ठरवायचे तर त्या जागेवर खूण ठेवून पुढल्या जूनपर्यंत दम धरायचा. माझी अशी दोन पाने सध्या वर्षाच्या बोलीवर आहेत. जून म्हणजे कॉलेजात प्रवेशाची धांदल. नेमक्या त्या आठवड्यात रजा मागताना कारण काय लिहावे हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

ही खूण कुठे आहे ते मी इथे लिहिणार नाही. वाचकांनी राग मानू नये. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटले. त्यांत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही महाराष्ट्रातली चार. कासचे नाव झाले याचा मला आनंदच आहे; साताऱ्याच्या माणसाला तो होणारच. परंतु जांभ्या खडकावरचा तो मातीचा पापुद्रा बोटभर जाडीचा आणि त्यावर बसून फोटो काढून घेणारी माणसे चांगली वजनदार. शिवाय काहीजणांना फूल आवडले की ते मुळासकट हवे असते. त्यांना सांगून पाहावे लागते की, बाबांनो, ही कुंडीत जगायची नाही. आमरीचे बी धुळीसारखे असते. एका बोंडात हजारो बिया. पण गव्हाच्या दाण्यात जशी रोपासाठी शिदोरी असते तशी त्यांत काहीच नसते. जमिनीतली एक विशिष्ट बुरशी त्या बीला भेटली आणि तिने त्याला भरवले तरच ते रुजते. म्हणजे ती आमरी उपटणारा मनुष्य आईला उचलून नेतो आणि दूध गावाकडेच ठेवतो. हे मी बहुधा दोन-तीनदा सांगते. चौथ्यांदा जागा सांगणे बंद करते. माझ्या सहकाऱ्यांना हा कंजूषपणा पटत नाही. माणसांना दाखवल्याशिवाय माणसे जपणार कशी, असे त्यांचे म्हणणे. त्यांचेही खरे आहे, म्हणून हा वाद आमच्यात दर पावसाळ्यात नव्याने होतो.

झाडावरच्या आमऱ्यांची गोष्ट मात्र उलटी. तिथे गुप्तता कामाची नाही. तिथे ओरडून नाव सांगावे लागते, नाही तर कोयती येते.

माझे सासर रत्नागिरी जिल्ह्यात. मे महिन्याच्या सुटीत कुंभार्ली घाट उतरून आम्ही तिकडे जातो. घरी आता ह्यांचे काका आणि काकू दोघेच असतात. अण्णाकाका ऐंशीच्या घरात आहेत, पण बागेचे सारे हुकूम अजून त्यांचेच सुटतात. गोठ्यामागे एक जुना रायवळ आंबा आहे. कलमांच्या हिशेबात त्याला किंमत नाही. पण त्याच्या लोणच्यावर या घराच्या चार पिढ्या जेवल्या. पाच-सहा वर्षे तो धरेनासा झाला होता. दोन वर्षांपूर्वी आम्ही पोचलो त्या संध्याकाळी काका पडवीत सुपारी कातरत म्हणाले, "उद्या गडी बोलावलाय. आंबा साफ करून घेतो. बांडगुळानं खाल्लं हो झाड!"

मी बॅग तशीच टाकून गोठ्यामागे गेले. वर पाहिले तर आंब्यावर दोन बिऱ्हाडे होती. शेंड्याकडच्या फांद्यांवर दाट, जाड पानांचे झुबके होते. ते खरे बांडगूळ. आणि खालच्या, आडव्या, शेवाळलेल्या फांद्यांवर लांब पन्हळीसारख्या पानांचे दहा-बारा गड्डे होते. त्यांच्यातून खाली लोंबणारे, बोटभर जाडीचे, फिकट गुलाबी फुलांचे घोस. प्रत्येक घोसात दाटीवाटीने फुले आणि फुलाफुलावर जांभळे ठिपके. पानांची टोके उंदराने कुरतडल्यासारखी खाचदार. शंकाच नव्हती, रिंकोस्टायलिस रेट्युसा. आसामात बिहूच्या सणाला बायका हे फूल केसांत माळतात. तिथे त्याला कोपौ फूल म्हणतात आणि ते त्या राज्याचे राज्यफूल आहे. इथे त्याच्यासाठी सकाळी आठ वाजता कोयती येणार होती.

"काकांच्या झाडात तू पडू नकोस," असे ह्यांनी रात्री मला बजावले. त्यांचेही चूक नव्हते. सुनेने येऊन दुसऱ्या दिवशी आंब्याविषयी चार गोष्टी सांगायच्या, हे त्या पडवीच्या रीतीत बसणारे नव्हते. शिवाय झाड खरोखरच आजारी होते आणि कुणाला तरी ते साफ करणे भागच होते. मी रात्रभर शब्दांची जुळवाजुळव केली. व्याख्यान द्यायचे तर पंचेचाळीस मिनिटे बोलता येते. अण्णाकाकांपुढे दोन वाक्ये मिळणार.

सकाळी गडी वर चढू लागला तेव्हा मी म्हटले, "काका, झाड साफ करायलाच हवं. पण वर दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. दोन्हींतली एकेक आधी खाली काढून तुम्ही बघाल का? मग तुम्ही म्हणाल तसं."

'तुम्ही बघाल का' या शब्दांनी काम केले असावे. काकांनी गड्याला खूण केली. वरून बांडगूळ आले ते फांदीसकट. जिथे ते चिकटले होते तिथे फांदीला नारळाएवढी गाठ आली होती आणि गाठीच्या पुढचा फांदीचा भाग वाळून कोळ झाला होता. गड्याने गाठ मधोमध चिरली. बांडगुळाचे लाकूड आणि आंब्याचे लाकूड एकमेकांत असे घुसले होते की कुणाचे कुठे संपते ते कळेना. बांडगूळ आपले अन्न हिरव्या पानांत स्वतः शिजवते, पण त्यासाठी लागणारे पाणी आणि क्षार झाडाच्या अंगात मूळ खुपसून ओढून घेते. त्याची चिकट फळे फुलटोच्या पक्षी खातो आणि बिया दुसऱ्या फांदीला पुसून ठेवतो; असे ते झाडभर पसरते. शिवी उगाच पडलेली नाही.

मग दुसरी फांदी आली. तीही त्या वाळलेल्या भागातली होती, तेव्हा तोडावी लागणारच होती. तिच्यावर आमरीचे तीन गड्डे होते. जाड पांढरी मुळे सालीला बिलगून चहूकडे गेली होती. काकांनी चष्मा लावला, हातातल्या अडकित्त्याचे टोक एका मुळाखाली घातले आणि हलकेच उचलले. मूळ सालीवरून सुटून आले. खालची साल जशीच्या तशी होती. ना भोक, ना गाठ. त्यांनी दुसरे मूळ उचलले. तिसरे उचलले. मी तांब्यातले थोडे पाणी त्या पांढऱ्या मुळांवर ओतले. मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे, दवाचे पाणी ते शोषून घेते. बघता बघता पांढरी मुळे हिरवी झाली.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे हे नुसतं बसलंय?"

"हो काका. नुसतं बसलंय."

"खात नाही?"

"आंब्याचं काही नाही."

त्यांनी वर मान करून गड्याला सांगितले, "झुबके तेवढे काढ रे. लोंबतंय त्याला हात लावू नकोस." गडी वरूनच म्हणाला, "वैनी, ह्याला म्हणायचं तरी काय?"

माझ्या तोंडावर ते लांबलचक लॅटिन नाव आले होते. तेवढ्यात मागच्या पायरीवरून काकूंचा आवाज आला. तांदूळ निवडायचे सूप हातात घेऊन त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, "सीतेची वेणी. माझ्या माहेरी परसातल्या फणसावर होती. आम्ही पोरी माळायचो."

अण्णाकाकांनी अडकित्ता खाली ठेवला. "अगो, मग इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस ती?"

"मला विचारलंत कधी?" काकू म्हणाल्या.

मी त्या क्षणी काकांकडे पाहिले नाही, ह्यांच्याकडे पाहिले. ते अंगणातल्या विहिरीकडे पाहत होते. मी पाच-सहा वर्षे पुस्तके उलटून, चिखलात गुडघे टेकून, दुहेरी प्रश्नांची साखळी पाठ करून जिथे पोचले होते तिथे काकू साठ वर्षे उभ्या होत्या. काही गावांत या फुलाला द्रौपदीची वेणी म्हणतात, आणि सीतेची वेणी म्हणून भलतीच आमरी दाखवतात. गुलाबी फुलांची एरिडिस नावाची दुसरी एक आमरी आहे, तिचीही फुले ठिपक्याठिपक्यांची, पण घोस विरळ आणि पाने आखूड. लोकांच्या नावांवर शास्त्रात भिस्त ठेवता येत नाही ती यामुळेच. हे सगळे मी काकूंना सांगणार होते. सांगितले नाही.

तोडलेल्या फांदीवरचे तीन गड्डे आम्ही मुळे न दुखावता सोडवले. बांधायचे कुठे, हे काकूंनी ठरवले: विहिरीजवळच्या फणसावर, उत्तरेच्या अंगाला, छातीच्या उंचीवर. "उन्हाची तिरीप नको, पण उजेड हवा," त्या म्हणाल्या. गड्याने सुंभाने एकेक गड्डा आवळला. त्यांतले दोन रुजले. एक त्या पावसाळ्यात कुजला. आंबा अजून पुरता सावरलेला नाही, पण वाळलेल्या फांद्यांखालून नवी पालवी आली आहे.

तिसरा गड्डा बांधायच्या आधी काकूंनी त्याचा एक घोस खुडला, पाठमोऱ्या होऊन आपल्या पांढऱ्या अंबाड्यात खोचला आणि सूप उचलून आत गेल्या. चुलीवर आधण ठेवले होते. फूल खुडू नये असे मी साताऱ्यात येईल-जाईल त्याला सांगत असते. अण्णाकाका माझ्याकडे पाहत होते. मी सुंभाची गाठ मारत राहिले.